चाकांवरच्या बिऱ्हाडाची पूर्वतयारी

परदेशगमन करणाऱ्या आपल्याकडील मध्यमवर्गीय गृहस्थाची आजवरची रीत अशी की, प्रवासाचा सर्व कारभार एखाद्या सहलसंस्थेच्या हवाली करावा, तिने नेमून दिलेल्या बसमध्ये नेमून दिलेल्या आसनावर बसावे, ठरल्या वेळी ठरलेले सरोवर पाहावे, आणि सायंकाळी वरणभात मिळाला की नाही एवढ्यावरून त्या देशाची परीक्षा करावी. या रीतीची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. आम्हीही ती पुष्कळदा अनुसरली आहे, आणि उतारवयात सामानाची चिंता दुसऱ्याने वाहावी यात जे सुख आहे ते नाकारण्याइतके आम्ही कृतघ्न नाही. तथापि ज्या वाहनातून मार्गक्रमण करावयाचे त्यातच रांधावयाचे, त्यातच निजावयाचे, आणि मन मानेल तेथे मुक्काम ठोकावयाचा, अशा कॅम्परव्हॅनच्या प्रवासाकडे अलीकडे आपल्या लोकांचाही ओढा दिसू लागला आहे. या प्रवासाची जी वर्णने कानावर येतात, त्यांत ‘स्वातंत्र्य’ या शब्दाचा गजर फार असतो. ते स्वातंत्र्य खरे आहे. मात्र ते काटेकोर जमाखर्च ठेवणाऱ्या संसारी माणसाचे स्वातंत्र्य आहे, हे कोणी सांगत नाही. घरी नळाला पाणी महापालिका आणून देते, घाण तीच वाहून नेते, दिवा लावण्याची सोय वीज कंपनी करते. या वाहनात पाऊल ठेवताक्षणी ही सर्व खाती आपल्या शिरावर येतात, आणि ती चालवावयास शिकणे म्हणजेच या प्रवासाची पूर्वतयारी.

विरंगुळ्यासाठी चाकांवर घर घेऊन हिंडण्याची कल्पना आधुनिक वाटली, तरी तिची वंशावळ बरीच मागे जाते. पोटापाण्यासाठी बिऱ्हाड गाडीवर लादून फिरणारे लोक सर्वच देशांत होते. आपल्याकडील घिसाड्यांच्या गाड्या ज्यांनी गावाच्या वेशीबाहेर सुटलेल्या पाहिल्या असतील, त्यांना हे सांगावयास नको. परंतु ज्याला स्वतःचे घर आहे त्याने केवळ हौसेखातर ते सोडून गाडीत राहावयास जावे, हा प्रघात इंग्लंडात विल्यम गॉर्डन स्टेबल्स नामक, आरमाराच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या शल्यवैद्याने पाडला, असे मानतात. त्याने 1885 साली ब्रिस्टलच्या कारखान्यात ‘वाँडरर’ नावाची, दोन घोडे जुंपावयाची एक ऐसपैस गाडी बांधवून घेतली आणि ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडातील इनव्हर्नेसपर्यंत मजल मारली. त्याच्या दिमतीस एक गाडीवान होता, आणि एक खासगी नोकर, जो तीनचाकी सायकलीवरून पुढे जाऊन अरुंद वाटेवर समोरून येणाऱ्यांना वर्दी देत असे. पुढे 1951 साली जर्मनीतील वेस्टफालिया कारखान्याने फोक्सवॅगनच्या मोटारीत बसविता येईल असा संसाराचा संच विकावयास काढला, तेव्हा ही चैन सामान्य माणसाच्या आवाक्यात आली खरी, परंतु गाडीवान आणि नोकर मात्र यादीतून गळाले. त्या दोघांची कामे आता कोणी करावयाची, हा प्रश्न ज्याने घर सोडण्यापूर्वी सोडविला, त्याची अर्धी तयारी झाली.

पहिल्या प्रवासासाठी सौभाग्यवती, मेहुणे आणि आम्ही अशा तिघांनी न्यूझीलंडचे दक्षिण बेट निवडले, त्यामागे सृष्टिसौंदर्याचा लोभ होताच. पण मुख्य कारण व्यवहाराचे होते. तेथे वाहने डाव्या बाजूने चालतात आणि सुकाणूचे चाक उजवीकडे असते. सात मीटर लांबीचे, तीन मीटर उंचीचे अपरिचित धूड हाकताना शिवाय रस्त्याची बाजूही बदलावी लागली असती, तर त्या दोन नवलांशी एकदम झुंजण्याची, चाक धरणाऱ्या आमच्या मेहुण्यांची तयारी नव्हती. पाट्या इंग्रजीत असतात. अंतरे बेताची असून त्यांत विविधता मोठी. समुद्र, सपाट कुरणे, हिमनद्या आणि निबिड अरण्ये ही सारी दोन-चार मुक्कामांच्या टप्प्यात येतात. ऋतूंचा हिशेब मात्र उलटा करावा लागतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तेथील उन्हाळा, आणि नाताळपासून तेथील लोकही सुटीवर निघत असल्यामुळे वाहनांचे भाडे चढते व चांगल्या जागा आधीच भरून जातात. आपल्या दिवाळीच्या सुमारास तेथे वसंत असतो, शिखरांवर हिम शिल्लक असते आणि हवामान लहरी असते. आपली मे महिन्याची सुटी तर हिवाळ्याच्या उंबरठ्याशी जाऊन पोहोचते. आंब्याच्या दिवसांत तिकडे सायंकाळी पाचच्या सुमारासच अंधारून येते, आणि कॅम्परव्हॅनमध्ये लांबलचक रात्र काढणे हा पहिलटकराने करावयाचा प्रयोग नव्हे. मार्च महिना आम्हांस सर्व दृष्टींनी समशीतोष्ण वाटला; गर्दी ओसरलेली, दिवस पुरेसा मोठा आणि हवा बऱ्याच अंशी स्थिर.

कागदपत्रांचे प्रकरण कंटाळवाणे असले तरी ते टाळून चालत नाही. भारतीय नागरिकास तेथे जाण्यासाठी व्हिसा लागतो आणि त्याचा अर्ज घरबसल्या संगणकावरून करता येतो. अर्जदारापाशी मुक्कामाच्या दर महिन्यास माणशी किमान 1,000 न्यूझीलंड डॉलर असावेत अशी अपेक्षा असल्याने बँकेचे दाखले आधीच मिळवून ठेवावेत. 2024 च्या ऑक्टोबरपासून परदेशी पाहुण्यांवरील पट्टी 35 डॉलरवरून 100 डॉलर झाली आहे, आणि ती व्हिसाच्या शुल्काबरोबरच वसूल होते. वाहन चालविण्यासाठी इंग्रजीत छापलेला मूळ परवाना तेथे ग्राह्य धरतात. तरीही आम्ही आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला, कारण भाड्याने वाहन देणाऱ्याच्या मेजावर दोन कागद असले की बोलणे लवकर आटोपते. तो 1949 च्या जिनिव्हा कराराच्या आधारे दिला जातो. त्यासाठी ‘फॉर्म 4-अ’ भरावा लागतो, सोबत पासपोर्ट, व्हिसा व तिकीट यांच्या प्रती जोडाव्या लागतात, शुल्क 1,000 रुपये आहे आणि मुदत एका वर्षाची. आमचे म्हणणे एवढेच की, जे जे चालक म्हणून बसणार असतील त्या सर्वांचे परवाने काढावेत आणि भाडेकरारावर त्यांची नावे चढवावीत. कारण ज्याचे नाव करारात नाही त्याच्या हाती चाक असताना अपघात घडला, तर विम्याची सारी कलमे निष्प्रभ ठरतात.

वाहन निवडताना प्रथम मोह होतो तो मोठ्या गाडीचा. तीन माणसे आहोत, तर सहा जणांची गाडी घेऊ, ऐसपैस राहू, असा विचार आमच्या घरीही झाला. परंतु निजावयाच्या जागांची संख्या ही त्या गाडीत प्रौढ माणसे सुखाने किती राहू शकतील याची संख्या नव्हे, हे एकीकडे खरे असले, तरी लांबी वाढली की वळणे, गावातील थांबे आणि मागे घेण्याचा प्रसंग, हे सर्व त्या प्रमाणात जड होते, हेही तितकेच खरे. तिघांस चार जणांची गाडी, हे प्रमाण आम्हांस योग्य वाटले. जी खाट रोज दिवसा मोडून बैठक करावी लागते व रात्री पुन्हा मांडावी लागते, तिच्यापेक्षा कायम मांडलेली एखादी तरी खाट असावी. दिवसभर चाक धरून बसलेल्या माणसास रात्री गाद्यांच्या तुकड्यांची जुळवाजुळव करण्याचे त्राण उरत नाही. गाडीचे एकूण वजन 3,500 किलोच्या वर असेल, तर मोकळ्या रस्त्यावर तिची वेगमर्यादा ताशी 100 ऐवजी 90 किलोमीटर असते, हेही विचारून घ्यावे. आणि इंधन डिझेल असेल, तर त्या देशाचा एक आगळा रिवाज ध्यानात ठेवावा: तेथे पेट्रोलवरील रस्तेकर इंधनाच्या किमतीतच येतो, परंतु डिझेलवर तसा कर नसून तो गाडी जितके किलोमीटर धावेल त्या हिशेबाने वेगळा भरावा लागतो. भाड्याची गाडी परत करताना हा आकार मोजून घेतात. डिझेल स्वस्त दिसले म्हणून हुरळून गेलेल्या प्रवाशास हा शेवटचा हिशेब पाहून वाईट वाटते.

विम्याचा करार वाचावयाचा असतो, नुसती सही करावयाची नसते. मूळ भाड्यात विमा समाविष्ट असला तरी नुकसानीची पहिली काही हजार डॉलरची रक्कम भाडेकऱ्याच्या अंगावर असते आणि तेवढी अनामत त्याच्या कार्डावर अडकवून ठेवतात. जादा पैसे भरून ही जोखीम कमी करता येते. आम्ही ते पैसे भरले. पण त्याहून महत्त्वाचा भाग म्हणजे अपवादांची यादी. गाडीच्या टपास व तळाशी झालेली इजा, चुकीचे इंधन भरल्याने झालेला बिघाड, पाण्याच्या टाकीत इंधन अथवा इंधनाच्या टाकीत पाणी ओतणे, ओढ्यात वा खाऱ्या पाण्यात गाडी घालणे, आणि मनाई केलेल्या रस्त्यांवर ती नेणे, हे प्रकार बहुधा विम्याबाहेर असतात. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स कॅन्यनच्या रस्त्याचे नाव अशा मनाईच्या यादीत ठळकपणे आढळते. टपाच्या इजेचा धोका डोंगरात नसून गावात असतो. बाजारपेठेच्या वाहनतळावरील आडवा दांडा आणि रस्त्यावर झुकलेली झाडाची फांदी यांना तीन मीटर उंचीचे भान नसते. यासाठी आम्ही वाहनाची उंची मोठ्या अक्षरांत लिहून ती चिठ्ठी चालकाच्या समोर चिकटविण्याची तजवीज केली. शरीरास अपघाती इजा झाल्यास त्या देशात 1974 पासून चालत आलेली भरपाईची सरकारी योजना पाहुण्यांच्या उपचारांसही लागू होते, ही गोष्ट उदार खरीच. पण आजारपण, चुकलेले विमान आणि हरवलेले सामान तिच्या कक्षेत येत नाही, म्हणून प्रवासाचा स्वतंत्र विमा आवश्यकच ठरतो.

सामानाविषयी सौभाग्यवतींचा आणि आमचा मतभेद झाला, आणि शेवटी पेटीच्या बाजूने एकही मुद्दा उरला नाही. कडक कवचाच्या पेट्या ठेवावयास या गाडीत जागाच नसते. मऊ, घडी होणाऱ्या पिशव्या आणाव्यात, त्या रिकाम्या करून गादीखाली सारता येतात. मग प्रश्न आला शिध्याचा. मराठी गृहिणी परदेशी निघाली की मेतकूट, लोणचे, गोडा मसाला, भाजणी, बेसनाचे लाडू यांची दुरडी आधी भरते आणि कपड्यांचा विचार नंतर करते. न्यूझीलंड हा देश मात्र बाहेरून येणाऱ्या कीड-रोगांस विलक्षण जपणारा आहे, आणि ते साहजिकच आहे; शेती व पशुपालन हा त्याच्या संपत्तीचा पाया, आणि कोट्यवधी वर्षे एकांतात वाढलेली त्याची वनसृष्टी बाहेरच्या शत्रूंपुढे दुबळी. त्यामुळे विमानतळावर उतरण्यापूर्वी प्रत्येकाने सोबतच्या खाद्यवस्तूंचे निवेदन करावयाचे असते. जे आणले ते सारे सांगितले, तर फार तर अधिकारी ती वस्तू काढून घेतील. न सांगता आणलेले एक सफरचंद सापडले, तरी जागच्या जागी 400 डॉलर दंड होतो. मध, दुधाचे पदार्थ, ताजी फळे आणि रुजू शकेल असे कोणतेही बी यांवर त्या खात्याची करडी नजर असते. डोंगर चढावयाचे बूटही दाखवावे लागतात. तळव्याला सह्याद्रीची माती राहिली असेल, तर तिला तेथे प्रवेश नाही. आम्ही घरगुती डबे काढून टाकून छापील वेष्टणातील मोजके मसाले तेवढे घेतले आणि यादीची प्रत खिशात ठेवली. डाळ, तांदूळ, पीठ ही क्राइस्टचर्चच्या भारतीय किराणा दुकानांत सहज मिळतात.

आता पाण्याकडे वळतो, कारण सर्व खात्यांत हे खाते अवघड. न्यूझीलंडात उघड्यावर मुक्काम करणाऱ्या वाहनास स्वयंपूर्णतेचे प्रमाणपत्र लागते, आणि त्याचा मूळ दंडक असा की, गाडीतील माणसांस तीन दिवस बाहेरून पाणी न घेता व बाहेर थेंबभर सांडपाणी न सोडता राहता आले पाहिजे. माणशी दिवसाला 4 लिटर, म्हणजे तीन दिवसांस 12 लिटर, हे पाण्याचे किमान प्रमाण. प्रत्यक्ष गाड्यांच्या टाक्या यापेक्षा बऱ्याच मोठ्या असतात. तरी हा आकडा वाचून आम्ही घरीच एक रंगीत तालीम करावयाचे ठरविले. तिघांसाठी 36 लिटर पाणी पिंपात भरून स्वयंपाकघराचा नळ बंद केला आणि पिणे, रांधणे, भांडी धुणे व हाततोंड धुणे एवढ्यांपुरता त्याच पाण्यावर निर्वाह सुरू केला. पिण्यास आणि रांधण्यास पाणी किती थोडे लागते, आणि एका तेलकट कढईस ते किती लागते, याचा साक्षात्कार पहिल्याच दुपारी झाला. मेहुणे म्हणाले, “भाऊजी, वांग्याची भाजी करायची असेल, तर एक माणूस कमी न्यावा लागेल.” त्यावरून आमचा पाकनियम निघाला: एका भांड्यात शिजेल ते करावे, म्हणजे मूगडाळीची खिचडी, मऊ भात, पिठले, खरकटे आधी कागदाने पुसावे आणि मग धुवावे, तळण पूर्णतः वर्ज्य. तळणास दुसरीही हरकत आहे. गाडीत धुराची वर्दी देणारे यंत्र डोक्यावरच बसविलेले असते, आणि हिंग-मोहरीची खमंग फोडणी व आगीचा डोंब यांतील भेद त्या बिचाऱ्यास कळत नाही. फोडणीपूर्वी छताचा झरोका आणि खिडकी उघडावी. गॅस पेटलेला असताना हवा खेळती ठेवणे जिवाच्या सुरक्षिततेसाठीही अगत्याचे आहे.

विजेचा कारभार समजावयास सोपा, पण समजून घेतलाच पाहिजे असा. गाडीत एक विद्युतघट इंजिनासाठी असतो आणि दुसरा संसारासाठी. दिवे, पाण्याचा पंप, शीतकपाट आणि ऊबयंत्राचा पंखा ही दुसऱ्यावर चालतात, आणि गाडी धावली की तो पुन्हा भरतो. भिंतीवरची 230 व्होल्टची खोबणी मात्र मुक्कामाच्या जागी तारेने वीज घेतली तरच जिवंत होते. तेव्हा घरून आणलेले विजेचे भातपात्र सरोवराकाठी निव्वळ अडगळ ठरते. तेथील खोबणीस तिरकस चपट्या पट्ट्यांचा जोड लागतो, आपले गोल खुंट त्यात शिरत नाहीत.

शौचकूपाविषयी लिहिताना आमच्या वर्गातील लेखक अडखळतो, म्हणून ते स्पष्टच लिहिणे बरे. गाडीतील शौचपात्राखाली सुमारे वीस लिटरची एक पेटी असते. ती बाहेरच्या बाजूने कुलूप उघडून ओढून काढावयाची, चाकांवर ओढत ‘डंप स्टेशन’ नामक नेमलेल्या ठिकाणी न्यावयाची, हवेची कळ दाबून सावकाश ओतावयाची, तेथल्याच नळाने विसळावयाची, आत थोडे पाणी व जंतुनाशक द्रव्य घालावयाचे आणि पुन्हा जागेवर सारावयाची. तिघांच्या वापरात हे काम एक दिवसाआड येते. पिण्याचे पाणी भरण्याची नळी वेगळी असते आणि ती या कामाच्या नळाच्या आसपासही फिरकू द्यावयाची नसते. बस्स, एवढाच हा विधी. तरी पण गाडी भाड्याने घेण्याच्या बेतावरून परतलेली जी आपली माणसे आम्हांस ठाऊक आहेत, ती भाड्यामुळे नव्हे तर या पेटीमुळे परतली. ज्या समाजाने शतकानुशतके हे काम एका जातीच्या माथी मारून स्वतःचे हात सोवळे राखले, त्याच्या वंशजांस ते जड जावे यात नवल नाही. कोकणच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपल्याला करू द्यावे, या मागणीसाठी अन्नत्याग केला होता. आम्हांस तर ते काम सहलीच्या भाड्यात विनासायास लाभत होते. आम्ही ती जबाबदारी पाळीपाळीने वाटून घेतली, आणि सौभाग्यवतींनी पाळीतून सवलत घेण्यास नकार दिला.

मुक्कामाच्या जागांचे तीन वर्ग पडतात. पहिला ‘हॉलिडे पार्क’. तेथे वीज, ऊन पाण्याची न्हाणीघरे, सामाईक स्वयंपाकघर, कपडे धुण्याची यंत्रे आणि डंप स्टेशन ही सर्व सोय असते व आकार बहुधा माणशी घेतात. दुसरा वर्ग त्या देशाच्या निसर्गसंरक्षण खात्याच्या तळांचा. जागा रमणीय, सोयी बेताच्या आणि दर माफक. आओराकी अथवा माउंट कुक या 3,724 मीटर उंच शिखराच्या पायथ्याचा व्हाइट हॉर्स हिल हा तळ याच वर्गातला. तिसरा वर्ग फुकट मुक्कामाचा, आणि गैरसमज सारे याविषयीच आहेत. गाडी आहे, मग कोठेही थांबावे, अशी मोकळीक तेथे नाही. 2011 च्या कायद्याने याचे नियम घातले, आणि 2023 च्या दुरुस्तीने ते आवळले: स्थानिक संस्थांच्या जागेत राहावयाचे तर सर्वसाधारणपणे स्वयंपूर्णतेचा हिरवा परवाना गाडीवर हवा, आणि तो मिळण्यासाठी शौचकूप गाडीत पक्का बसविलेला व खाट मांडलेली असतानाही वापरता येईल असा हवा. याखेरीज प्रत्येक नगरपरिषदेचे स्वतःचे नियम असतात. एका सरोवराच्या पूर्वेस मुभा तर पश्चिमेस बंदी, असा प्रकार नित्याचा. नियमभंगाचा दंड सामान्यतः 400 डॉलर असतो, म्हणजे हॉलिडे पार्कात कित्येक रात्री सुखाने निजण्याइतका. आमच्या मते पहिल्या प्रवासात दोन रात्री मोकळ्यावर काढल्या की तिसरी रात्र वीज-पाण्याच्या ठिकाणी काढावी. त्या एका मुक्कामात सर्व टाक्या, विद्युतघट आणि माणसे पूर्ववत होतात.

विमानाने सिंगापूरमार्गे क्राइस्टचर्चला उतरलो, तेव्हा त्या देशाची वेळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे होती. अशा अवस्थेत गाडी ताब्यात घेऊ नये. एक रात्र हॉटेलात झोप काढावी. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी देणाऱ्या तरुण कर्मचाऱ्याने सर्व यंत्रे दाखविली. हा तास घाईने उरकण्याचा मोह फार होतो, कारण बाहेर ऊन पडलेले असते. आम्ही प्रत्येक झडप, प्रत्येक कळ स्वतःच्या हाताने उघडून-मिटून पाहिली, भांड्यांची मोजदाद केली, आणि गाडीची चारही अंगे, टप व पुढची काच यांची छायाचित्रे तेथेच काढून ठेवली. डिझेलचे तोंड कोठे, पाण्याचे कोठे, हे तिघांनी तीनदा घोकले. मागे घेताना एकाने खाली उतरून गाडीच्या मागे उभे राहिलेच पाहिजे, असा दंडक होता. मेहुण्यांनी चाक धरले आणि आम्ही मागे उभे राहून एसटीच्या कंडक्टरच्या सुरात “येऊ द्या, येऊ द्या” म्हणू लागलो, तेव्हा शेजारच्या गाडीतील गोऱ्या मंडळींनी कौतुकाने माना वळविल्या.

रस्त्याचे नियम थोडक्यात सांगतो. वस्तीत वेग बहुतेक ठिकाणी 50. गाडी चालत असताना मागे कोणी उभे राहावयाचे नाही. प्रत्येकाने पट्टा लावून बसावयाचे, चहा कितीही हवासा वाटला तरी. दक्षिण बेटावर एकेरी पूल पुष्कळ आहेत. वर्तुळातील लहान लाल बाण आपल्या दिशेचा असेल तर आपण थांबावयाचे, आणि निळ्या पाटीवर मोठा पांढरा बाण आपला असेल तर आपला अग्रक्रम, तोही पुलावर कोणी नाही हे पाहूनच. मागे वाहनांची रांग साचू लागली की सोयीची जागा पाहून कडेला थांबावे व तिला जाऊ द्यावे. हा तेथे निव्वळ शिष्टाचार नव्हे, अपेक्षित वर्तन आहे. आर्थर्स पासच्या परिसरात ‘केआ’ नावाचे डोंगरी पोपट गाडीच्या खिडक्यांचे रबर चोचीने उचकटतात, तेव्हा त्यांस खाऊ घालून जवळ बोलावू नये. पश्चिम किनाऱ्यावर सँडफ्लाय नामक चावऱ्या माशा आहेत. सायंकाळी दार उघडे ठेवून गप्पा मारण्याची सवय तेथे सोडावी लागते. कँटरबरीच्या मैदानात वायव्येकडून येणारा उष्ण, कोरडा, जोरकस वारा उंच गाडीस आडवा धक्का देतो. त्या दिवशी वेग कमी करावा, किंवा निघूच नये.

पहिल्या दिवसाचा पल्ला मुद्दाम लहान ठेवावा. क्राइस्टचर्चहून टेकापो सरोवर सुमारे 225 किलोमीटर, म्हणजे मोटारीस तीन तासांचा रस्ता. आम्ही तो दुसऱ्या दिवसासाठी राखला, आणि पहिली रात्र शहराच्या कडेलाच, वीज असलेल्या जागी, केवळ सरावासाठी काढली. चाकाखाली ठोकळे घालून गाडी समपातळीत आणणे, ऊबयंत्र लावणे, खाट मांडणे, पेटी रिकामी करणे, हे सारे तेथे उजेडात एकदा करून पाहिले. सकाळी निघण्यापूर्वीची यादी सौभाग्यवतींनी मराठीत लिहून दाराच्या आतल्या बाजूस लावली होती, आणि ती त्या मोठ्याने वाचीत, आम्ही “झाले” म्हणत असू: गॅसची तोटी बंद, छताचा झरोका मिटलेला, विजेची तार सोडवून गुंडाळलेली, पायरी आत घेतलेली, शीतकपाटाची खिट्टी लागलेली, ओट्यावर काही नाही, सर्व खणांना कळ. एक खणही उघडा राहिला तर पहिल्याच वळणावर डाळीचा डबा जमिनीवर येतो.

दक्षिणेकडे निघाल्यावर पाऊण तासात राकाया नदीचा पूल लागला. 1939 साली वाहतुकीस खुला झालेला हा त्या देशातील सर्वांत लांब रस्त्याचा पूल, पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, आणि नदीचे पात्र खडीच्या अनेक पटांत विखुरलेले. वारा वायव्येचा होता, गाडी एका अंगाला झुकू पाहत होती. मेहुण्यांनी वेग 70 वर आणला, पूल संथपणे पार केला, आणि पलीकडे रुंद कड दिसताच डावीकडे घेऊन मागे साचलेल्या नऊ-दहा गाड्यांना वाट करून दिली.